कोटातला फोटो

रेल्वेतल्या माणसाचा कामातला फोटो काढायचा असेल तर त्याला कॅमेरा दिसता कामा नये, एवढी साधी गोष्ट कळायला माझे दोन रोल वाया गेले. कॅमेरा दिसला की आमच्या स्टेशनावरचं सगळं काम जागच्या जागी थांबायचं. केबिनवाला हातातला दांडा सोडून खिशातला कंगवा काढायचा. उन्हाळ्यात पॅसेंजरला पाणी पाजणारी यमुनाबाई बादली तिथेच ठेवून घराकडे पळायची आणि लग्नातलं हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ अडकवून यायची. तोवर गाडी, पाणी पिणारी माणसं आणि उजेड, सगळंच निघून गेलेलं असायचं. गँगमन रुळाखाली पहारी घालून जोर लावताहेत, एक जण आरोळी देतोय आणि बाकीचे सात जण तिच्या तालावर वाकताहेत, असा फोटो मला पाहिजे असायचा. मी जवळ गेले की आठच्या आठ जण पहारी बंदुकीसारख्या खांद्याला लावून एका ओळीत उभे. छाती पुढे, पोट आत, डोळे वटारलेले. "हं, काढ आता," म्हणायचे. मी म्हणायची, "मामा, तुमी काम करा ना!" तर त्यातला मोठा मलाच समजावायचा, "काम तं रोजच करतो वं पोरी. फोटो कुठी रोज निंघते?" कपाळावर हात मारायचा आणि घरी यायचं.

आता आमच्या लाइनीवर पुण्या-मुंबईकडची पोरं येतात. हातभर लांबीची भिंगं, पाठीवर बोजे, इंजिनांचे नंबर तोंडपाठ. कुणीतरी त्यांना माझा पत्ता देतं आणि ती दारात उभी राहतात. "आजी, तुमच्याकडे जुने नॅचरल फोटो आहेत म्हणे." मी चहा टाकते आणि माझ्या बापाचे नऊ फोटो त्यांच्यापुढे ठेवते. ती पोरं वेडी होतात. एकाने तर गुडघे टेकून बघितले. "काय नॅचरल आलेत हो काका! यांना कळलंसुद्धा नाहीये!" असं म्हणतात, आणि मग हमखास त्यातला एक विचारतो, की काकांचा एखादा साधा, समोरून काढलेला, चेहऱ्याचा फोटो नाही का? मी म्हणते, चहा घ्या, थंड होऊन राहिला. त्यांना वाटतं म्हातारी तिरसट आहे. आहेच.

आमचं घर म्हणजे फाटकाशेजारचं रेल्वेचं क्वार्टर, दोन खोल्या आणि मागे न्हाणी. मलकापूर आणि नांदुरा यांच्या मधलं आमचं स्टेशन; मोठ्या गाड्या तिथे थांबत नसत, नुसती धूळ उडवून जात. रूळ घरापासून इतके जवळ की मेल गेली की फळीवरची पितळी भांडी एकमेकांशी बोलायला लागत. बाबा म्हणायचे, तुझ्या मायले तव्यावरची भाकर उलटावी लागत नाई, कलकत्ता मेल उलटून देते. गाडी जात असताना ओरडून बोलण्यात अर्थ नसायचा, म्हणून आमच्या घरात एक रीतच पडली होती. गाडी आली की बोलणारा वाक्य अर्ध्यात ठेवायचा, ऐकणारा तसाच थांबायचा, आणि शेवटचा डबा गेला की वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे सुरू. मध्ये तोंड घालायचं नाही. भांडणंसुद्धा अशीच चालायची. माय बाबांना "तुमाले काई" इथवर म्हणायची, मग लांबलचक मालगाडी जायची, आणि मग "अक्कल हाये का?" तेवढ्या वेळात तिचा राग कमी व्हायचा नाही, उलट लोणच्यासारखा मुरायचा. लग्नानंतर मी रुळांपासून चांगली दोन मैल लांब राहायला आले, तरी अजून वाक्याच्या मध्येच थांबते. सून म्हणते, विसरता का आई? विसरत नाही बाई. गाडी जाऊ देते.

बाबा चाबीवाले होते. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी खालच्या स्लीपरला आवळून धरलेले असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्याने ढिल्या होतात. त्या ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. उजाडायच्या वेळेला खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल-हिरव्या झेंड्या आणि फडक्यात कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा घेऊन निघायचे. एका रुळाने जायचं, दुसऱ्या रुळाने परत यायचं, आणि नजर कायम पायाखाली. समोरून हत्ती आला असता तरी त्यांना आधी त्याची नखं दिसली असती. घरी खाटेवर पडले असले तरी कान रुळावर. गाडी गेली की म्हणायचे, "तिसऱ्या पुलापाशी एक ढिली झाली." दुसऱ्या दिवशी तिथे चाबी ढिली सापडायची. घरातल्या खिडकीची कडी मात्र आठ वर्षं ढिली होती, आणि ती काही त्यांना ऐकू यायची नाही. माय यावर जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या माणसाचा आयुष्यात एकच फोटो होता. नोकरीच्या ओळखपत्रावरचा, छातीवर नंबरची पाटी धरलेला, चोर पकडल्यावर काढतात तसा. लग्नात फोटोवाला ठरवला होता तो आलाच नाही. पण लग्नातला कोट होता. तपकिरी रंगाचा, सासऱ्याने दिलेला. पेटीत तळाशी डांबराच्या गोळ्यांबरोबर निजलेला असायचा. स्वतःच्या लग्नात, भावाच्या लग्नात आणि नोकरीत पर्मनंट झाले त्या दिवशी, असा तीनदा अंगावर चढलेला. मी कॅमेरा घेऊन घरी यायला लागले तेव्हापासून बाबांनी दर दोन-चार दिवसांनी विचारायचा नेम धरला होता, "सुमे, कोटातला एक फोटो काढतं का माहा?" आणि मी म्हणायची, काढू ना बाबा, घाई काय हाये.

कॅमेरा माझा नव्हता, हमीदचाचांचा होता. मलकापुरात त्यांचा स्टुडिओ. नव्या नवरींचे पदर सारखे करायला, बुरख्यातल्या बायांना धीर द्यायला पुरुषाचा हात चालत नाही. हे काम चाची करायच्या. त्यांचे गुडघे गेले तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलेली मी त्यांच्या जागी लागले. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरने यायचं. कॅमेरा दोन डोळ्यांचा होता. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्या भिंगातून फोटो निघायचा, आणि बघायचं ते मान खाली घालून. त्यामुळे गावातल्या लोकांना वाटायचं ही पोरगी स्वतःच्या पोटाकडे बघत उभी आहे. एका रोलात बारा फोटो. त्यातला एक फुकट गेला तर चाचांचा चेहरा मयतीला गेल्यासारखा व्हायचा.

चाचांनी मला धंद्याच्या दोन खुब्या शिकवल्या. पहिली खोट्या खटक्याची. माणूस पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे बसला की लाकूड होतो. म्हणून खालच्या भिंगावर बोटं धरायची आणि खटका दाबायचा. रोल पुढे सरकवायचा नाही. आवाज होतो, माणसाला वाटतं झालं, तो श्वास सोडतो, अंग सैल होतं, चेहऱ्यावर त्याचं त्याचं काहीतरी येतं. मग बोटं काढायची आणि खरा खटका. "पहिला खटका आदमीची भीड मोडायला, बेटा, दुसरा आदमीसाठी," चाचा म्हणायचे. दुसरी खुबी फोटो बिघडल्यावरची. उजेड चुकला, भिंग पुसायचं राहिलं, आपला हात हलला, काहीही झालेलं असो, गिऱ्हाइकाला एकच सांगायचं: तुम्ही हललात. गिऱ्हाईक बिचारं लगेच कबूल करायचं. हो हो, माशी बसली होती, शिंक येत होती. सगळ्या तालुक्यात फोटो बिघडणं हा समोर बसलेल्याचाच गुन्हा होता. मला या दुसऱ्या खुबीची फार चीड यायची. मी असं कधीही बोलणार नाही, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

पहिल्या खुबीचं मात्र मी भजं केलं. मला पाहिजे होतं कॅमेरा घेऊन लग्नाच्या ऑर्डरीला जाणं. चाचांनी अट घातली, "बारा फोटो आण तुझ्या लाइनीचे. रोजच्या कामाचे. त्यात सहा जरी जित्ते निंघाले तर शादीचा कॅमेरा तुझ्या हाती." बारा फोटो, आणि अख्खं स्टेशन नटून दारात! मग मी काय केलं, जो कोणी कंगवा काढून उभा राहील त्याच्यासाठी भिंगावर बोटं धरायची आणि खटका वाजवायचा. केबिनवाला खूश, यमुनाबाई खूश, आठही गँगमन खूश. रोल जागच्या जागी. चाचा पहिल्या खटक्यानंतर दुसरा मारायचे. मी पहिल्यावरच थांबायची. "फोटो कधी येते वं?" असं विचारलं की म्हणायची, चाचा धुऊन राह्यले. फोटो धुवायला इतके दिवस लागतात यावर त्या भोळ्या माणसांचा विश्वास बसला, याची मला तेव्हा गंमत वाटायची. आता वाटत नाही.

तर थंडीचे दिवस होते. तुरी कमरेच्या वर गेल्या होत्या, शेंगा भरल्या होत्या. मी ठरवलं, बाबांना न सांगता त्यांच्या मागे जायचं. ते निघाले आणि मी तुरीच्या कडेकडेने, वाकून, रुळाला धरून चालायला लागले. चाबीवाल्याची नजर रुळावर, त्यामुळे मला भीती नव्हती. एकदा फांदी मोडली तेव्हा ते "हाड!" म्हणाले, वर न बघता. त्या सकाळी मी नऊ फोटो काढले. हातोडा डोक्याच्या वर गेलेला. उकिडवे बसून चाबी ठोकताना. विडी पेटवायला वाऱ्याकडे पाठ करून. भाकर खाताना एका हाताने रुळावरचं दव पुसताना. रुळाला कान लावून, डोळे मिटून. मला माहीत होतं की हे फोटो जिवंत आहेत. इतकं माहीत होतं की परतीच्या वाटेवर मी तुरीतून आडवी पळत फाटकाशी आले, तेव्हा माझं मलाच हसू येत होतं.

आणि तिथेच पकडली गेले. बाबा परतीच्या रुळाने फाटकापर्यंत आले होते; फाटक ते स्टेशन एवढाच तुकडा राहिला होता. त्यांनी मला पाहिलं, गळ्यातला कॅमेरा पाहिला, केसांत अडकलेली तुरीची पानं पाहिली.

"इथी काय करून राह्यली वं?"

खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी त्या वयात खोटं इतकं सहज बोलायची की बोलल्यावर मलाच कळायचं. "तुमचाच फोटो काढायले आली, बाबा."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथल्या तिथे राग आला. "मंग आधी सांगाव ना! अशा कपड्यात? थांब, कोट घालून येतो."

"बाबा, अजून काम राह्यलं ना तुमचं."

"दोन मिंटं लागते वं!" हातोडा, पाना फाटकवाल्या किसनमामाच्या खोपटात टेकवून ते घराकडे चक्क पळाले. बाहेर आले ते तपकिरी कोटात, खाली कामाचीच खाकी पँट, मिशीला खोबरेल, केसांना पाणी. कोट पोटावर लागत नव्हता म्हणून एकच गुंडी लावलेली. रुळांच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही झेंड्या छातीवर आडव्या धरल्या आणि श्वास रोखला. सकाळी रुळाला कान लावून बसलेला तो सुंदर माणूस कुठे गेला, आणि हा दुकानातला पुतळा कुठून आला? माझ्याजवळ तीन फोटो उरले होते. तीन! अजून एक्सप्रेस यायची होती. माझं डोकं इतकं फिरलं होतं की विचारसुद्धा केला नाही. भिंगावर बोटं ठेवली आणि खटका वाजवला.

"झाला?" बाबा श्वास न सोडता म्हणाले.

"झाला."

"एक बसून काढ."

तेवढ्यात रुळावर घरघर ऐकू आली. साहेबाची ट्रॉली. चार माणसं मागून ढकलताहेत, वर पांढरी छत्री, छत्रीखाली त्याच महिन्यात बदलून आलेला नवा साहेब. ट्रॉली थांबली. साहेबाने आधी कोटाकडे पाहिलं, मग झेंड्यांकडे, मग माझ्याकडे.

"हथौडा कहाँ है?"

"फाटकावर ठेवला, सायेब."

"आज लाइन पे चला भी है, या सीधे बारात में जा रहा है?"

ट्रॉली ढकलणारे हसले. बाबांचे कान लाल झाले. किसनमामा फाटकातून धावत आला, "सायेब, आत्ताच पुरी लाइन पाहून आले हे," म्हणाला. साहेब म्हणाला, तू तो इसका ही आदमी है. मग माझ्याकडे बोट करून विचारलं की ही लडकी रेल्वे लाइनीत कॅमेरा घेऊन काय करते? मी तोंड उघडलं. बाबा माझ्या आधी बोलले.

"माही पोरगी होये, सायेब. मीच म्हणलं तिले, काढ म्हून. तिची काई चुकी नाई."

दुसऱ्या दिवशी कागद आला. बाबा सस्पेंड. लाइन न बघता हजेरी लावली, कामाच्या वेळात हत्यार टाकून दिलं, असं त्यात लिहिलं होतं. चौकशी होणार होती, आणि किसनमामाने ऐकून आणलं होतं की नवा साहेब कडक आहे, नोकरी जाईल. नोकरी गेली की क्वार्टरही जाणार होतं.

मग सुरू झाले बाबा घरात असण्याचे दिवस. तुम्ही कधी चाबीवाला घरात बसवून बघा. गाडी आली की उठून बसायचे. "हा बदलीवाला चाब्या ठोकून राह्यला का कुरवाळून राह्यला?" असं भिंतीला विचारायचे. कोट खिळ्याला लटकत होता. तो पेटीत ठेवायला कुणी तयार नव्हतं. माय आंबाडीची भाजी करायची आणि भांडी अशी आपटायची की मेलची गरज नव्हती. मला एकदाही कुणी काही बोललं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. उरलेले तीन फोटो मी रागारागात जाणाऱ्या गाड्यांवर मारले. तिन्ही हललेले निघाले.

रोल चाचांनी धुतला. नऊ फोटो वाळत घातले आणि बराच वेळ चष्मा वर-खाली करत बघत राहिले. "शादीचा कॅमेरा तुझा," म्हणाले. मी रडायला लागले, तेव्हा त्यांना सगळं सांगावं लागलं. खोट्या खटक्याचं सोडून सगळं. चाचांनी पुन्हा फोटो पाहिले आणि एका फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. रुळाकडेचा किलोमीटरचा खांब, त्यावरचा आकडा स्पष्ट. दुसऱ्या फोटोत दुसरा खांब. तिसऱ्यात पूल. "पोरी, हे फोटो नाहीत. ही तुझ्या बापाची हाजरी आहे."

मी उड्या मारत घरी आले आणि खाटेवर नऊ फोटो मांडले. बाबांनी पहिला बघितला, दुसरा बघितला. तिसऱ्यावर थांबले. त्यात ते पाठमोरे उकिडवे बसले होते आणि खाकी पँटीच्या बुडावर मायने घातलेलं निळं ठिगळ उठून दिसत होतं.

"हे काय काढलं?" त्यांचा आवाज चढला. "माह्या मांगून? चोरासारखी? असा दिसतो मी?"

"बाबा, खांबाचा नंबर पाहा. सायेबाले दाखवलं की..."

"सायेबाले? हे? तोंड उघडं, बुडाले ठिगळ, जमिनीवर पडलेल्या भिकाऱ्यासारखा! एक बार हसले ते, पुरे झालं. नौकरी गेली तं जाऊ दे. हे नाई दाखवाचं."

माय आतून आली. तिच्या हाताला पीठ होतं. "तुमाले काई..." म्हणाली आणि नेमकी मेल आली. आम्ही तिघं थांबलो. भांडी बोलून घेतली. शेवटचा डबा गेला. "...अक्कल हाये का? घर चाललं आन याइले ठिगळाची पडली! ठिगळ म्या लावलं ना? मले नाई लाज, तुमाले काऊन?" तिने हात पुसले, नऊ फोटो पदरात गुंडाळले आणि मला म्हणाली, "चाल वं." बाबा भिंतीकडे तोंड करून पडले.

साहेबाच्या ऑफिसात आम्ही सकाळपासून बसलो. माय ताकाला जाऊन भांडं लपवणारी नव्हती. आत गेल्या गेल्या तिने फोटो टेबलावर पसरले आणि म्हणाली, "सायेब, हा माहा नवरा. पाहा तुमी, काम करते का नाई." साहेबाने आधी नाक मुरडलं. मग खांबावरचे आकडे वाचले आणि स्वतःच फोटो क्रमाने लावायला लागला. रुळाला कान लावलेला फोटो हातात घेऊन म्हणाला, "ये क्या कर रहा है?"

"आयकून राह्यले, सायेब. रुळासंगं बोलतात तेवढं आमच्यासंगं नाई बोलत."

"पर ये उसी दिन का है, ये कैसे मानूँ?"

मायने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. साहेब शेवटचा फोटो डोळ्याजवळ नेऊन बघत होता. मग त्याने खणातून भिंग काढलं. फोटोत बाबा वाकून चाबी ठोकत होते, आणि त्यांच्या मागे, फार लांब, पुलावर, रुळाच्या टोकाला एक पांढरा ठिपका होता. मला तो रोलवरचा डाग वाटला होता. साहेबाने भिंग पुढे-मागे केलं आणि खुर्चीत मागे टेकला. त्याची स्वतःचीच छत्री होती ती. त्याच सकाळी पूल तपासायला ट्रॉली थांबली होती तेव्हाची.

बरा माणूस होता बिचारा, उगीच त्याला शिव्या दिल्या होत्या आम्ही. फोटो फायलीत लावून घेतले, बाबांना ताकीद दिली आणि कामावर घेतलं. निगेटिव्ह माझ्याजवळ होत्या म्हणून आज ती पुण्याची पोरं गुडघे टेकतात.

कोटाचं सांगायचं तर, पुढे माझ्या हातात कॅमेरा आला, रोल आले, मी तालुक्यातली लग्नं केली, मी स्वतःचा स्टुडिओ टाकला. कितीदा म्हटलं, बाबा, कोट घाला, आता पाहिजे तेवढे फोटो काढते. ते म्हणायचे, "आता काऊन?" कोट पेटीत गेला तो गेला. शेवटी मायने त्याचा उशीचा अभ्रा केला. मला अजूनही कळत नाही की एवढी अक्कल पाजळणाऱ्या मला, त्या दिवशी भिंगावरची बोटं बाजूला घ्यायला काय झालं होतं. एक फोटो. बारांतला एक. त्याच्या बदल्यात मी तीन हललेल्या गाड्या काढल्या.

बाबा कामावर परत गेले त्या दुपारची गोष्ट. मायने तुरीच्या सोल्यांची भाजी केली होती, तर्री वर आलेली. बाबा जेवले, हात धुतले, पंच्याला पुसले. साहेबाच्या फायलीत गेलेल्या त्या नऊ फोटोंबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नव्हता. खाटेवर बसले आणि माय न्हाणीकडे गेली आहे असं बघून हळूच मला म्हणाले, "आन कोटातला?"

मी याची तयारी करून ठेवली होती. चाचांचं ते वाक्य, जे मी कधीही बोलणार नव्हते, तेच जिभेवर आणून ठेवलं होतं. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि ते वाक्य काही बाहेर पडेना. म्हटलं, सांगून टाकावं. बोटांचं, खटक्याचं, सगळं. "बाबा," मी म्हणाले, "त्या टायमाले म्या..."

मालगाडी आली. आमच्या रीतीप्रमाणे मी थांबले, तेही थांबले. फळीवरची भांडी वाजत होती. बाबा माझ्याकडे बघत होते, रुळाकडे नाही. गाडी जात असताना त्यांना रुळाकडे कान न देता बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. डबे संपतच नव्हते. माझं तोंड तसंच उघडं होतं आणि उरलेलं अर्धं वाक्य तोंडात होतं. शेवटचा डबा गेला. आमच्या घरात कुणी कधी दुसऱ्याच्या तुटलेल्या वाक्यात बोललं नव्हतं. त्या दिवशी बाबा बोलले.

"हललो असन मी," ते म्हणाले.